मिठाचा खडा आणि एका बदलाचा नियम

गावोगावचे गुरुजी, शाळेतल्या बाई आणि रानातले काम आटोपून ओसरीवर टेकलेले शेतकरी बांधव, सर्वांसाठीच आजचे हे बोलणे आहे. विषय तसा शाळेतला. सहावी ते आठवीच्या मुलांना खनिजे कशी शिकवावीत, आणि त्या निमित्ताने प्रयोग कसा करावा. पण एवढे ऐकून शेतकरी बांधवांनी उठून जाऊ नये. पुढे खताची आणि चोपण जमिनीची गोष्ट येणार आहे, आणि तिथे प्रश्न पदरच्या पैशाचा आहे.

सुरुवात मी माझ्याच एका चुकीपासून करतो.

मुंबईच्या उत्तर टोकाला, जिथे शहराची हद्द संपून ठाणे जिल्हा लागतो, तिथे दहिसर आहे. तिथल्या एका शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवीत असे. डिसेंबरचे दिवस होते. बाष्पीभवनाचा पाठ चालू होता. मी घरून स्टीलचे एक ताट आणि एक पेला घेऊन गेलो. दोन्हींत सारखेच मिठाचे पाणी ओतले. ताट गच्चीवर उन्हात ठेवले, पेला व्हरांड्यात सावलीला ठेवला. दुपारपर्यंत ताटातले पाणी आटून तळाला पांढरी साय धरली. पेल्यातले पाणी जवळजवळ होते तेवढेच. मी फळ्यावर लिहिले, ‘उन्हाने पाणी लवकर आटते,’ आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतले.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. आगरी घरातली. तिचा आजा पूर्वी मिठागरावर कामाला होता. ती म्हणाली, “सर, पण ताट पसरट आहे ना? आमचा आजा सांगतो, पाणी पसरलं नाय तर मीठ नाय पडत.”

मी तिला काय सांगितले असेल? “विषयांतर नको, खाली बस.” ती बसली.

संध्याकाळी भांडी पिशवीत भरताना माझ्या ध्यानात आले, की त्या मुलीने माझा सगळा प्रयोग एका वाक्यात निकालात काढला होता. मी एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या: जागा आणि भांडे. पाणी उन्हाने आटले की पसरट भांड्याने, हे त्या प्रयोगावरून सांगताच येत नव्हते. फळ्यावरचे वाक्य खरे होते, हे कबूल. पण ते त्या ताट-पेल्याने सिद्ध झाले नव्हते. मुलांनी ते माझ्या सांगण्यावरून मान्य केले. म्हणजे त्यांनी प्रयोग पाहिला आणि विश्वास माझ्यावर ठेवला. विज्ञानाच्या तासाला याहून उलटे काम ते कोणते?

आता त्या मुलीचा आजा काय करीत असे ते पाहू, कारण आपला पाठ तिथूनच सुरू होतो.

दहिसर, भाईंदरच्या खाडीकाठाने पिढ्यानपिढ्या मीठ पिकत आले. आज त्यातली बरीच आगरे बंद पडली आहेत, पण जाणती माणसे अजून आहेत. भरतीचे खारे पाणी बांधातल्या उघाडीतून आत घ्यायचे, एका मोठ्या तळ्यात तापू द्यायचे, मग पुढच्या वाफ्यात, तिथून आणखी पुढच्या वाफ्यात सोडायचे. वाफ्याचा तळ तुडवून घट्ट केलेला आणि पाणी फार तर वीतभर. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक आपले खाण्याचे मीठ. बाकीच्यात मॅग्नेशियमचे क्षार, चुन्याचे क्षार, असे बरेच काही.

गंमत अशी, की हे सगळे एकदम खाली बसत नाही. आधी थोडा चुना बसतो. दहा घागरी पाणी घेतले असे धरा. त्यांतल्या आठ घागरी उडून गेल्या, की जिप्सम पडू लागते. नऊ उडाल्या, की मीठ पडू लागते. उरलेले पाणी कडू असते. त्यात मॅग्नेशियम राहते. ते वेळीच काढून टाकले नाही, तर मीठ कडवट होते आणि पावसाळ्यात पाझरत बसते. म्हणून आगरावरचा माणूस एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी केव्हा सोडायचे, याकडे डोळ्यांत तेल घालून बघतो. एकाच पाण्यातून वेगवेगळी खनिजे वेगवेगळ्या वेळी बाजूला काढण्याचा हा कारखाना आहे, आणि त्याला इंधन लागते ते ऊन आणि वारा.

आता खनिज म्हणजे नेमके काय? मुलांना व्याख्या पाठ असते आणि वस्तू ओळखता येत नाही. मी चिवड्याचे उदाहरण देतो. खडक म्हणजे चिवडा. त्यात पोहे, शेंगदाणे, डाळे, खोबऱ्याचे काप. यांपैकी एकेक पदार्थ म्हणजे एकेक खनिज. खनिज निसर्गात तयार झालेले, घन, एका ठरावीक रासायनिक घडणीचे आणि आतून ठरावीक रचनेचे असते. मिठाचा खडा भिंगाखाली धरा. बारीक बारीक चौकोनी ठोकळे दिसतील. मीठ कच्छचे असो की भाईंदरचे, ठोकळा चौकोनीच. कुणी चोखंदळ विद्यार्थी विचारील, की माणसाने वाफ्यात पिकवलेल्या मिठाला खनिज म्हणावे काय? प्रश्न रास्त आहे. काटेकोर बोलायचे तर निसर्गात आपोआप साठलेल्या मिठालाच खनिज म्हणतात, त्याला नाव हॅलाइट. पण दोघांचा स्फटिक एकच, आणि शिकण्यासाठी आपल्याला तेवढे पुरे.

मिठानंतर खडी. प्रत्येक गावात कुठे ना कुठे रस्त्याचे वा घराचे काम निघालेले असते आणि खडीचा ढीग पडलेला असतो. मालकाला विचारून चार मुठी आणाव्यात. रेल्वेच्या रुळांमधली खडी मात्र आणू नये, तिथे मुलांनी पाऊलच टाकू नये. दहिसरच्या मुलांना मी आणखी एक सांगत असे. आपली दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूने, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून येते आणि पुढे खाडीला मिळते. उद्यानात तिच्या पात्रात सुंदर गोटे दिसतात. ते पाहावेत, हात लावावा, तिथेच ठेवावेत. उद्यानातून काही उचलून आणायचे नसते.

आपली खडी बहुतेक काळ्या कातळाची, म्हणजे बेसाल्टची. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या या मुलखात जमिनीला भेगा पडून लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्यांचा हा दगड. अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा सुमारे ६० मीटर उंचीचा सरळसोट कडा आहे. लाव्हा निवताना आकसला आणि त्याचे उभे खांब झाले, ते तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतात. लाव्हारसात वायूचे बुडबुडे होते. ते निघून गेल्यावर पोकळ्या राहिल्या, आणि त्यांत पुढे गरम पाण्यातून सावकाश दुसरी खनिजे भरत गेली. खडीच्या काळ्या तुकड्यात पांढरा ठिपका दिसतो तो हाच. बोरघाटात रेल्वेचा मार्ग खोदताना असल्या पोकळ्यांतून झिओलाइटचे इतके देखणे स्फटिक निघाले, की ते परदेशांतल्या संग्रहालयांत जाऊन बसले. नाशिकजवळ सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे. सहल तिकडे जात असेल, तर तासभर तिथे जरूर काढावा.

तो पांढरा ठिपका कोणत्या खनिजाचा, हे मुलांनी कसे ओळखावे? खडी फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडावी, डोळे जपावेत. पांढऱ्या भागाने जुन्या बाटलीच्या काचेवर ओढून पाहावे. काच ओरखडली, तर ती गारगोटीच्या जातीची. काच ओरखडली नाही, तर खिळ्याने थोडी भुकटी खरवडून तिच्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकावेत. फसफसले, तर कॅल्साइट. काच ओरखडली नाही आणि फसफसलेही नाही, तर बहुधा झिओलाइट. दोन परीक्षांत तीन भाऊ वेगळे झाले.

ओरखड्याची ही परीक्षा जुनी आहे. फ्रेडरिक मोहस् या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ साली तिची दहा पायऱ्यांची शिडी बांधली. सगळ्यांत खाली शंखजिरे, मग जिप्सम, मग कॅल्साइट, सातव्या पायरीवर गारगोटी आणि दहाव्यावर हिरा. आपले नख अडीचच्या आसपास, काच साडेपाचच्या आसपास. पुस्तकांत तिसऱ्या पायरीसाठी तांब्याचे नाणे घ्या असे लिहिलेले आढळते. ते वाचून मुले खिशातला रुपया काढतात, आणि निकाल चुकतो. आजचा रुपया तांब्याचा नाही, स्टेनलेस स्टीलचा आहे, तांब्यापेक्षा पुष्कळ कठीण. विजेच्या तारेतला तांब्याचा तुकडा घ्यावा. माझ्या वर्गात आणखी एक भांडण झाले. एका मुलाच्या हातून ओरखडा उठे, दुसऱ्याच्या हातून उठेना. दगड एकच. शेवटी कळले, की पहिला गडी जोर लावीत होता आणि दुसरा दगडाला गोंजारीत होता. शिवाय कधीकधी ओरखडा म्हणून दिसतो, तो मऊ दगडाची सांडलेली भुकटी असते. ओल्या बोटाने पुसून पाहावे. पुसली गेली तर भुकटी, राहिला तर ओरखडा.

आणि गुरुजी, एक खनिज तर रोज आपल्या बोटांत असते: खडू. साधा खडू बहुधा प्लास्टर ऑफ पॅरिसपासून करतात, म्हणजे मुळात जिप्सम. धूळ न उडणारा खडू चुनखडीच्या जातीचा. दोन्हींवर व्हिनेगर टाका. एक गप्प बसतो, दुसरा फसफसतो. मुलांना हे फार आवडते, आणि खर्च काहीच नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ताट आणि पेला यांचा तो प्रयोग नीट कसा करायचा?

पुस्तकात यासाठी ‘चल’ असा शब्द आहे. बदलू शकते ते चल. आपण मुद्दाम बदलतो तो स्वतंत्र चल, त्यामुळे जे बदलते आणि आपण मोजतो तो अवलंबी चल, आणि बाकीचे सारे स्थिर ठेवायचे. शब्द बरोबर आहेत, परीक्षेत तेच लिहावेत. पण बारा वर्षांच्या मुलाला ते प्रथम कानावर पडले, की तो गणिताचा तास समजून खिडकीबाहेर बघू लागतो. मी त्याला गोठ्यात नेतो. समजा, गोठ्यात पाच गुरे आहेत. रात्री पाचही सुटली आणि सकाळी शेजाऱ्याच्या ज्वारीत तोंड घातलेले दिसले. कुणी खाल्ले? सांगता येईल? नाही येणार. आता चार बांधून ठेवा, एकच मोकळे सोडा, आणि मग शेत बघा. प्रयोग म्हणजे हेच. एक सोडायचे, एक बघायचे, बाकीचे दावणीला बांधायचे. आमच्या वर्गात मग हीच भाषा रूढ झाली. मुले विचारीत, “सर, आज कोण सुटलंय?”

ऊन सोडायचे असेल, तर भांडे बांधा. एका घरातल्या, एकाच मापाच्या बशा घ्या. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे समुद्राच्या पाण्याइतके खारे होईल. मीठ किराणावाल्याकडून तोलून आणावे, चिमटीने घेऊ नये. प्रत्येक बशीत औषधाच्या मापाने ५० मिलिलिटर पाणी. निम्म्या बशा उन्हात, निम्म्या सावलीत, एकाच वेळी. दर तासाला बघायचे आणि लिहायचे. एकेकच बशी ठेवून भागत नाही. दोन्हीकडे निदान तीन तीन हव्यात, कारण एखादी कलती असते, एखादीत मुंगी पडते, एखादीला कुणाचा धक्का लागतो. तिन्ही एकाच बाजूला झुकल्या, तर मनाला खात्री वाटते.

भांडे सोडायचे असेल, तर ऊन बांधा. बशी आणि पेला, दोन्ही उन्हात, शेजारी शेजारी. दुसऱ्या दिवशी दोन्ही सावलीत. पावसाळ्यात हे प्रयोग करू नयेत. हवाच इतकी ओली असते, की बशी आठवडाभर तशीच राहते आणि मुले कंटाळतात. आगरातही मीठ पावसाळ्यात पिकत नाही, दिवाळीनंतरच कामे सुरू होतात. शाळेनेही तेच पंचांग धरावे.

मोजायचे काय, हेही आधी ठरवले पाहिजे. ‘लवकर आटले’ म्हणजे काय? थेंबही उरला नाही तेव्हा, की पहिला मिठाचा कण दिसला तेव्हा? माझ्या एका तुकडीत दोन गटांनी दोन अर्थ घेतले आणि मग अर्धा तास वाद. वाद चांगला होता, पण तो आधी व्हायला हवा होता.

याच रीतीने तुरटीचाही एक प्रयोग होतो, आणि तो आपल्याला परत खडीकडे आणतो. पेलाभर, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर, गरम पाण्यात ६० ग्रॅम तुरटीची भुकटी पूर्ण विरघळवा. गरम पाण्याचे काम मोठ्यांनीच करावे. ते पाणी दोन सारख्या बरण्यांत निम्मे निम्मे ओता. एक बरणी बर्फाच्या पाण्यात ठेवा, दुसरी गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवा. सुटले आहे फक्त निवण्याचे मान. भांडे, पाणी, तुरटी सगळे बांधलेले. बर्फातल्या बरणीत लगेच साखरेसारखे बारीक कण पडतात. गोधडीतली बरणी दुसऱ्या दिवशी उघडा, तिच्यात ठळक, पैलूदार खडे दिसतील. मग मुलांच्या हाती खडी द्या आणि विचारा: हिचे कण भिंगाशिवाय दिसत का नाहीत? लाव्हा जमिनीवर आला, उघड्या हवेत लवकर निवला, म्हणून बारीक. नांदेडच्या देगलूरकडचा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात खोलवर, हळूहळू निवाला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीची घटना मुलांनी गोधडीच्या आधाराने ताडली, तर मास्तराला आणखी काय हवे!

शेतकरी बांधवांना मी थांबवून ठेवले आहे. त्यांची गोष्ट आता घेतो.

इंग्लंडात रॉथमस्टेड नावाचे ठिकाण आहे. तिथल्या जॉन बेनेट लॉज या जमीनदाराने १८४३ साली ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचे पट्टे पाडले. त्या काळी मोठा वाद चालू होता. लीबिग हा नामांकित जर्मन रसायनशास्त्रज्ञ म्हणे, की जमिनीला स्फुरद, पालाश यांसारखी खनिजे परत दिली की पुरे, नत्र पिकाला हवेतून आणि पावसातून मिळतेच. लॉज आणि त्याचा सहकारी गिल्बर्ट यांना हे पटत नव्हते. त्यांनी वाद घातला तो शेतात. एका पट्ट्याला काहीच द्यायचे नाही. एकाला शेणखत. एकाला नुसती खनिजे. एकाला खनिजे आणि शिवाय नत्र. गहू तोच, जमीन तीच, पाऊस तोच. निकाल दरवर्षी कापणीला समोर आला. नुसत्या खनिजांचा पट्टा काहीच न दिलेल्या पट्ट्याच्या फारसा पुढे जाईना. नत्र जोडले, की पीक उसळी घेई. लीबिगसारखा मोठा माणूस त्या बाबतीत चुकला होता. आणि त्या शेताचे वैशिष्ट्य असे, की तो प्रयोग अजून चालू आहे. काहीच न दिलेल्या पट्ट्याला तेव्हापासून आजवर खत मिळालेले नाही. बाकीच्या पट्ट्यांचे यश मोजायचे, तर हा उपाशी पट्टा लागतोच. आपल्याकडे शेतकरी सगळ्या रानाला नवे खत देतो आणि मग म्हणतो, यंदा फरक पडला. कशाच्या मानाने पडला? यंदा पाऊसही चांगला होता. बियाणेही नवे होते. पाचही गुरे सुटलेली.

दोन ओळी रिकाम्या सोडायला जिवावर येते, हे मला माहीत आहे. माझे स्वतःचे आजोळ शेतकऱ्याचे. पण त्या दोन ओळींत जे नुकसान होईल, ते निरुपयोगी औषधावर दरवर्षी घालवलेल्या पैशापेक्षा थोडेच असते.

चोपण जमिनीचेही असेच. ऊसपट्ट्यात पाणी फार देऊन ज्यांच्या जमिनी बिघडल्या, त्यांना जिप्सम घाला असा सल्ला मिळतो. हेच ते मिठागरातले जिप्सम, खडूतले जिप्सम. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो, माती ओली असता चिखल आणि वाळली की दगड. जिप्सममधला कॅल्शियम त्या सोडियमला जागेवरून उठवतो. पण उठवलेला सोडियम जाणार कुठे? त्याला पाण्याबरोबर वाहून न्यायला चर हवेत. एक शेतकरी जिप्सम घालतो, चर काढत नाही, आणि म्हणतो जिप्सम फुकट गेले. दुसरा दोन्ही करतो आणि शेजाऱ्याला सांगतो, जिप्समने जमीन सुधारली. दोघेही अर्धेच बोलतात. इथे चार वाफे पाडले पाहिजेत: एकात काही नाही, एकात नुसते जिप्सम, एकात नुसते चर, एकात दोन्ही. म्हणजे कळेल, की दोन गुरे जोडीने सुटली तर काय होते. आधी माती तपासून घ्यावी, हे सांगायला नकोच. नुसत्या खारवट जमिनीला जिप्सम लागत नाही, तिला निचराच हवा.

जिप्सम घ्यायचे ते बारीक दळलेले, असेही सांगतात. का, ते शाळेतली मुले तुम्हाला दाखवतील. काळ्या रानात चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. त्यांतला एक अखंड खडा घ्या आणि तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या खड्याची भुकटी करा. दोन वाट्यांत सारखाच लिंबाचा रस घाला. भुकटी भसाभस फसफसून मोकळी होते. खडा कुरकुर करीत बराच वेळ बसून राहतो. वजन तेच, रस तोच, फरक कणांच्या आकाराचा. जिप्सम वेगळे खनिज आहे, पाण्यात ते हळू विरघळते, पण नियम तिथेही लागू: जितके बारीक, तितके पाण्याला भिडायला अंग जास्त.

शेवटी त्या मुलीचे सांगायचे राहिले. पुढच्या वर्षी ती आठवीत गेली. सातवीच्या नव्या तुकडीला बाष्पीभवन शिकवायची वेळ आली, तेव्हा मी तिला वर्गात बोलावून घेतले. गेल्या वर्षीचे ताट आणि पेला टेबलावर ठेवला आणि मुलांना सांगितले, की हा प्रयोग मी चुकीचा केला होता, आणि चूक हिने दाखवली तेव्हा मी हिला खाली बसवले. मुले माझ्याकडे बघत राहिली. ती मात्र काही बोलली नाही. तिने पिशवीतून घरच्या आठ बशा काढल्या. सगळ्या एका मापाच्या.

त्या दिवशी आम्ही उलट मांडणीही करून पाहिली: पसरट बशी सावलीत आणि उभा पेला उन्हात. सावलीतली बशी दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडी होती. उन्हातल्या पेल्यात अजून निम्म्याहून जास्त पाणी होते. आजा बरोबर होता. लगेच एकाने विचारले, की व्हरांड्यात वारा येतो, त्याचे काय? म्हणून दोन बशा खिडकीशी आणि दोन कपाटामागे अशा नव्याने मांडल्या. दुपारच्या सुट्टीनंतर पाहिले, तर खिडकीतली एक बशी उपडी. त्या मुलीने तक्त्यात त्या बशीच्या रकान्यावर सरळ रेघ मारली आणि पुढे लिहिले: ‘कावळ्याने सांडली. धरू नये.’